शेवटचं ठीक कधी पाहिलं?

पहाटे साडेपाचला चहाचं आधण ठेवायला उठलेली सून बघते, तर सासरे पलंगाच्या कडेवर बसलेत. उजवा हात मांडीवर ठेवलेला नाही, पडलेला आहे. तोंडाची एक बाजू ओघळलेली. "बाबा, चहा घेणार ना?" यावर ते काहीतरी बोलू पाहतात, पण शब्द फुटत नाही. शेजाऱ्यांची गाडी, जिन्यातली धावपळ, आणि सहा वीसला सगळे इस्पितळाच्या दारात. ड्यूटीवरची डॉक्टर नाडी बघता बघता विचारते, "यांना शेवटचं ठीक कधी पाहिलं?"

"आत्ताच झालंय हो, सकाळी उठल्यावर," मुलगा सांगतो. डॉक्टर ऐकून घेते आणि तोच प्रश्न पुन्हा विचारते. झोपायला गेले तेव्हा ठीक होते? किती वाजता झोपले? रात्री मध्ये उठले होते का? घरच्यांना हा चौकशीचा घोळ वाटतो. माणूस समोर पडलाय आणि ही वेळा काय विचारत बसलीय! पण त्या सकाळी जे काही होणार किंवा न होणार, ते बरंचसं या एका उत्तरावर टांगलेलं असतं.

आपल्याकडे या प्रकाराला 'अंगावरून वारं गेलं' म्हणतात. अर्धांगवायू या भारदस्त शब्दातही वायूच आहे. माझ्या लहानपणी गावात कुणाला वारं गेलं की खिडक्या बंद व्हायच्या, तेलानं रगडणं सुरू व्हायचं आणि कुणीतरी कबुतर शोधायला निघायचं, कारण लकव्यावर कबुतराचं रक्त चोळतात अशी समजूत. शब्दाचा दोष म्हणावा का हा? थोडा आहे. वारं म्हटलं की ते येतं, जातं, त्याला ठावठिकाणा नसतो. प्रत्यक्षात जे घडलेलं असतं त्याला अगदी नेमका ठावठिकाणा असतो. मेंदूकडे जाणाऱ्या एका रक्तवाहिनीत, एका जागी, काही मिलिमीटर लांबीची रक्ताची गुठळी अडकलेली असते. ती पलीकडे सरकत नाही आणि मागेही येत नाही. (काही जणांत गुठळी नसते, वाहिनी फुटून रक्तस्राव झालेला असतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. हा मुद्दा पुढे लागणार आहे.)

मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण प्राणवायू त्याला लागतो वीस टक्क्यांच्या आसपास. शिल्लक टाकायची सोय नाही, रोजची कमाई रोज खाणारं घर. मोठी वाहिनी बुजली की काय होतं याचा हिशेब अमेरिकेतले मेंदूविकारतज्ज्ञ जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये मांडला : उपचाराविना जाणाऱ्या दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात आणि सुमारे १२ किलोमीटर लांबीचे चेतातंतू नष्ट होतात. मुंबईच्या लोकलमध्ये दादरहून अंधेरीला जायला वीसेक मिनिटं लागतात. गुणाकार ज्याचा त्यानं करावा.

पण सगळा भाग एकदम मरत नाही, आणि या गोष्टीतला सगळा जीव इथे आहे. निरोगी मेंदूच्या १०० ग्रॅम ऊतीतून मिनिटाला साधारण ५० मिलिलिटर रक्त वाहतं. ते २० च्या खाली गेलं की पेशी काम थांबवतात. १० च्या खाली गेलं की त्या मरू लागतात. म्हणजे १० आणि २० च्या मधल्या पट्ट्यात अशा पेशी असतात ज्या बोलत नाहीत, हात हलवत नाहीत, पण जिवंत असतात. आस्ट्रुप, सायमन आणि सीश्यो या संशोधकांनी १९८१ मध्ये या पट्ट्याला ग्रहणातला शब्द वापरला : उपछाया. मधोमध काळीकुट्ट गडद छाया, म्हणजे मेलेला भाग, आणि भोवती ही उपछाया, ग्रहण सुटलं तर पुन्हा उजळू शकणारी.

उपछाया तगते ती आडवाटांवर. घाटात दरड कोसळली की हमरस्ता बंद पडतो, पण एसटी गावागावातून वळसे घालत पोचते, उशिरा का होईना. मेंदूच्या पृष्ठभागावर वाहिन्यांचे असे जोडमार्ग असतात. काही माणसांत ते भरघोस असतात, काहींत नुसते नावाला. म्हणून एकाच जागी गुठळी अडकलेल्या दोन माणसांपैकी एकाचा मेंदू दोन तासांत जातो आणि दुसऱ्याचा दहा तासांनंतरही बराचसा वाचवण्यासारखा असतो.

गुठळी काढायची कशी? पहिलं उत्तर औषधाचं होतं. डिसेंबर १९९५ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीनं दाखवलं की तीन तासांच्या आत टीपीए हे गुठळी विरघळवणारं औषध शिरेतून दिलं तर अपंगत्व कमी होतं. २००८ मध्ये ही मुदत साडेचार तासांवर गेली. आज आपल्याकडे टेनेक्टेप्लेज हे त्याचंच पुढचं भावंड वापरलं जातं. ते एकाच इंजेक्शनात देता येतं, आणि पुण्याच्या जेनोव्हा कंपनीत तयारही होतं. पण औषधाला मर्यादा होती. जर्मनीतल्या कील इथल्या संशोधकांनी २०११ मध्ये गुठळ्यांची लांबी मोजून सांगितलं की ८ मिलिमीटरपेक्षा लांब गुठळी शिरेतल्या औषधानं जवळपास विरघळतच नाही. आणि मेंदूच्या मोठ्या वाहिनीत अडकणाऱ्या गुठळ्या बहुधा लांबच असतात. हृदयाचे ठोके अनियमित पडत असतील तर हृदयाच्या कोपऱ्यात रक्त साकळतं. तिथून सुटलेला गोळा सरळ मानेतून वर जातो आणि पहिल्या अरुंद फाट्यावर बसतो. संधिवाताच्या तापानं झडप आकसलेले रुग्ण आपल्याकडे अजूनही कमी नाहीत, त्यांच्यात हे विशेष.

मग दुसरं उत्तर : मोरीची नळी तुंबली तर तार घालतो ना, तशी तार घाला. कल्पना इतकी उघड की कुणालाही सुचावी. करणं मात्र भलतंच अवघड, कारण मेंदूतल्या वाहिनीचा व्यास जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर, तिची भिंत पातळ, आणि तिथवर पोचायचं ते जांघेतून.

यासाठी जो धातू लागला तो क्षेपणास्त्रांच्या संशोधनातून आला. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर यांनी निकेल आणि टायटॅनियमचा एक मिश्रधातू केला होता. १९६१ च्या एका बैठकीत त्याची दुमडून दुमडून पंख्यासारखी घडी केलेली पट्टी हातोहात फिरत होती. डेव्हिड मझी नावाच्या अधिकाऱ्यानं सहज आपल्या पाइपचा लायटर तिच्याखाली धरला, आणि पट्टी सगळ्यांसमोर उलगडून सरळ झाली. धातूला स्वतःचा आकार आठवत होता! त्याचं नाव निटिनॉल, त्यातलं शेवटचं 'नॉल' हे त्या नौदल प्रयोगशाळेच्या आद्याक्षरांचं. केसासारख्या नळीत दाबून भरलेली निटिनॉलची जाळी बाहेर येताच पुन्हा जाळी होते, ती याच गुणाच्या जोडीला असलेल्या अतिलवचिकतेमुळे.

अमेरिकेनं २००४ मध्ये मान्यता दिलेलं पहिलं साधन म्हणजे बाटलीचं बूच काढायच्या स्क्रूसारखी निटिनॉलची तार. नाव मर्सी. ती निम्म्या रुग्णांतच वाहिनी उघडू शकली. खरी कलाटणी मिळाली ती जवळजवळ चुकून. सॉलिटेअर नावाची जाळी मेंदूतल्या वाहिनीच्या फुग्यावरच्या उपचारासाठी केलेली होती. गुठळीशी तिचा संबंध नव्हता. पण ती उघडल्यावरही पुन्हा नळीत ओढून घेता यायची. २००८ मध्ये जर्मनीत श्टुटगार्टला डॉ. हान्स हेंकेस यांनी ती गुठळीत उघडली आणि ओढून काढली, गुठळी जाळीत अडकून बाहेर आली. पुढे २०१२ मध्ये मर्सीशी तिची थेट तुलना झाली, तेव्हा ६१ विरुद्ध २४ टक्के असा निकाल लागला.

इथे गोष्ट संपायला हवी होती. हत्यार सापडलं, काम फत्ते. पण फेब्रुवारी २०१३ मध्ये होनोलुलूच्या परिषदेत तीन मोठ्या चाचण्यांचे निकाल वाचले गेले आणि सभागृहाचा नूर उतरला. तिन्हींत तारेचा काडीचाही फायदा दिसला नाही. सगळ्यात मोठ्या चाचणीत ६५६ रुग्ण होते. तारेच्या गटात ४०.८ टक्के स्वतःच्या पायावर उभे राहिले, नुसत्या औषधाच्या गटात ३८.७. इटलीतल्या चाचणीत तर तारेचा गट किंचित मागेच. झालं! विमा कंपन्यांनी हात आखडले, आणि हे काम करणाऱ्या डॉक्टरांना लोक जरा संशयानं पाहू लागले : स्वतःच्या हातचलाखीवर भाळलेली माणसं.

मला या सगळ्या कथेत हे वर्ष सर्वांत महत्त्वाचं वाटतं. कारण चूक तारेची नव्हतीच. निम्म्याहून जास्त रुग्णांत मोठ्या वाहिनीत खरोखर गुठळी आहे का, हे डाय देऊन स्कॅन करून आधी पाहिलंच नव्हतं. काहींत काढण्यासारखं काही नव्हतंच, तरी तार घातली गेली. दुसरं, वेळ. इटलीत औषधाच्या गटाचा उपचार लक्षणं सुरू झाल्यापासून पावणेतीन तासांत सुरू झाला, तारेच्या गटाचा पावणेचार तासांत. तो मधला एक तास म्हणजे सेव्हर यांच्या हिशेबानं अकरा कोटींहून जास्त चेतापेशी. आणि साधनं बहुतेक जुनी, नवी जाळी अगदी मोजक्या जणांना मिळालेली. कुणाला, केव्हा आणि कशानं, हे तिन्ही चुकल्यावर हाताच्या कौशल्यानं काय होणार?

नेदरलँड्समध्ये तेव्हा एक चाचणी चालू होती. तिथल्या सरकारनं आडमुठी वाटेल अशी अट घातली : या उपचाराचे पैसे मिळतील, पण रुग्ण चाचणीत सामील असेल तरच. म्हणजे इतर देशांत जे रुग्ण 'याला करूनच टाकू' म्हणून चाचणीबाहेर उपचार घेत होते, ते डच डॉक्टरांना सोडता आलेच नाहीत. देशातल्या १६ केंद्रांवर ५०० रुग्ण जमा झाले. प्रत्येकाच्या वाहिनीतली गुठळी आधी स्कॅनवर पाहिलेली, तारेच्या गटात बहुतेकांना नवी जाळी. ऑक्टोबर २०१४ मध्ये इस्तंबूलला डॉ. डीडरिक डिपल यांनी निकाल सांगितला : तीन महिन्यांनी स्वतंत्रपणे जगणारे ३२.६ टक्के विरुद्ध १९.१ टक्के. हा निकाल कळताच इतर देशांतल्या चालू चाचण्यांनी आपापले आकडे मध्येच उघडून पाहिले, आणि त्या एकामागून एक थांबवल्या गेल्या. फायदा इतका स्पष्ट की उरलेल्यांना चिठ्ठी टाकून या उपचाराविना ठेवणं योग्य नव्हतं.

त्यातल्या कॅनडाच्या चाचणीचे एक प्रमुख होते भारतीय वंशाचे डॉ. मयंक गोयल. त्यांच्या गटानं घड्याळालाच औषध मानलं. निम्म्या रुग्णांत स्कॅनपासून जांघेतल्या सुईपर्यंत ५१ मिनिटं किंवा त्याहून कमी वेळ गेला. स्वतंत्र जगणाऱ्यांचं प्रमाण २९ वरून ५३ टक्क्यांवर गेलं आणि मृत्यू १९ वरून साधारण दहा टक्क्यांवर आले. पुढे पाच चाचण्यांचे १२८७ रुग्ण एकत्र मोजले गेले, तेव्हा दिसलं की दर पाच रुग्णांमागे सुमारे दोघांचं अपंगत्व निदान एका पायरीनं कमी होतं. वैद्यकात असे आकडे फार क्वचित मिळतात.

आता प्रत्यक्ष काम. रुग्ण कॅथलॅबच्या अरुंद टेबलावर, अनेकदा जागा. जांघेत भूल देऊन सुई, सुईतून तार, सुई बाहेर, तारेवरून नळी. ही युक्ती सेल्डिंगर या स्वीडिश डॉक्टरची, १९५३ सालची. नळी पोटातून वर, हृदयापाशी महारोहिणीच्या कमानीपर्यंत जाते. तरुण माणसाची कमान गुळगुळीत, पण ऐंशीच्या घरातल्या आजोबांची लांबलेली आणि वेडीवाकडी. नळी मानेच्या वाहिनीत वळायलाच तयार होत नाही, आणि बाहेर घाम फुटतो तो इथे. एकदा ती वर गेली की डाय सोडतात. पडद्यावर काळ्या रेषांचं झाड उगवतं, फांद्या, डहाळ्या. एका जागी फांदी सरळ छाटल्यासारखी थांबते. पलीकडे काही नाही. तिथेच ती बसलीय.

पुढचा टप्पा जवळजवळ आंधळा असतो. छाटलेल्या जागेपलीकडे डाय जात नाही, म्हणून रस्ता दिसत नाही. जेमतेम तिसरा हिस्सा मिलिमीटर जाडीची तार, टोकाला किंचित वाकवलेली, बोटांत फिरवत फिरवत गुठळीच्या पार न्यायची. तिच्यावरून मऊ बारीक नळी. नळी पार गेल्यावर तिच्यातून थेंबभर डाय सोडून पाहायचं, वाहिनीतच आहोत ना. मग तार काढून नळीतून जाळी वर न्यायची. जाळी पुढे ढकलायची नाही. तलवार जागेवर धरून म्यान मागे ओढावं तशी नळी मागे घ्यायची, की जाळी गुठळीच्या पोटात आपोआप उमलते. तीन ते पाच मिनिटं थांबायचं, जाळीच्या घरांत गुठळी रुतू द्यायची. घाईच्या सगळ्या खटाटोपात हीच काय ती मुद्दाम वाट पाहण्याची मिनिटं. मग मानेतल्या नळीचा फुगा फुगवून वरचा ओघ क्षणभर रोखायचा, मोठ्या सिरिंजनं जोरात ओढ द्यायची आणि जाळी सावकाश मागे. गॉजवर झटकली की पडते ती तांदळाच्या दाण्याएवढी, कधी लांबट अळीसारखी, काळपट लाल वस्तू. एवढीशीच! पुन्हा डाय सोडला की झाड पूर्ण भरतं. कधी कधी टेबलावरच रुग्णाचा हात हलतो. हे क्षण व्हिडिओत टिपले जातात, व्हॉट्सॲपवर फिरतात आणि चमत्कार वाटतात.

जाळीऐवजी नुसती रुंद नळी गुठळीला भिडवून चोषणानं ओढून घेण्याची पद्धतही आता तितकीच रूढ आहे. अनेक जण दोन्ही एकत्र वापरतात.

फसतंही. गुठळीचा तुकडा तुटून पुढच्या डहाळीत जातो. क्वचित भिंत फाटते. आणि वाहिनी उत्तम उघडली तरी उपछाया आधीच गेली असेल तर चित्र सुंदर, माणूस तसाच. त्या एकत्रित १२८७ रुग्णांत तार घातलेल्यांपैकी ४६ टक्के स्वतंत्र झाले. म्हणजे निम्म्याहून जास्त झाले नाहीत. मृत्यूचं प्रमाणही त्या बेरजेत फारसं हललं नाही. लहान डहाळ्यांतल्या गुठळ्यांसाठी हेच करावं का, यावर २०२५ च्या सुरुवातीला दोन चाचण्यांनी नाही म्हटलं. तार मोठ्या फांदीची, असं निदान त्या चाचण्यांनंतर तरी मानलं गेलं.

दुसऱ्या बाजूनं मर्यादा सैलही झाल्या. झोपेत लकवा झालेल्यांचं काय? त्यांचं घड्याळ रात्री झोपल्यापासून धरावं लागतं, आणि तार घालण्यासाठी धरलेली सहा तासांची मुदत सकाळी उठेपर्यंत संपलेली असते. २०१८ मध्ये छापून आलेल्या डॉन नावाच्या चाचणीत २४ तासांपर्यंतचे रुग्ण घेतले, पण सरसकट नाही. लक्षणं गंभीर, मात्र स्कॅनवर मेलेला भाग छोटा, अशांनाच. म्हणजे ज्यांच्या आडवाटा चांगल्या होत्या ते. स्वतंत्र जगणारे ४९ टक्के, न केलेल्यांत १३. लगेच काही जणांनी यातून 'आता २४ तास हातात आहेत' असा अर्थ काढला. तो साफ चुकीचा. २४ तास त्यांना मिळाले ज्यांचा मेंदू तोवर तगला. आपल्या आडवाटा कशा आहेत हे स्कॅनआधी कुणालाच माहीत नसतं.

हे सगळं श्रीमंत देशांचं कौतुक असंही नाही. ब्राझीलनं आपल्या सरकारी इस्पितळांत चाचणी घेतली. २०२० मध्ये निकाल आला, ३५ विरुद्ध २० टक्के. आपल्याकडे मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत ही सोय आहे. नुसत्या साधनांचा खर्च लाखांच्या घरात जातो, तो वेगळा डोंगर. पण पैशांचा प्रश्न यायच्या आधीच बहुतेक जण बाद झालेले असतात, कारण वेळ घरात आणि रस्त्यात गेलेला असतो. थोडं पडून राहा, बरं वाटेल. मुलगा कामावरून येऊ दे. जवळच्या दवाखान्यात दाखवू, तिथे सीटी स्कॅनच नाही, मग पुन्हा गाडी. शिवाय कुणीतरी हृदयविकाराची गोळी जिभेखाली ठेवतं. तिनं रक्तदाब पडतो, आणि आडवाटा तर त्या दाबावरच तगून असतात. ॲस्पिरिनही घरी द्यायचं नाही. रक्तस्राव झालेला असला तर ते घातक, आणि फरक फक्त स्कॅन सांगतो. पाणीसुद्धा नको, गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात उतरतं. तोंड वाकडं, हात लुळा, जीभ जड, यातलं एक जरी अचानक झालं तरी १०८ ला फोन आणि सीटी स्कॅन चोवीस तास चालू असलेलं इस्पितळ, मग ते घरापासून दहा मिनिटं जास्त लांब का असेना.

त्या सकाळी डॉक्टरनं तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मुलगा वैतागला होता. सून मात्र थांबली. "अडीचला उठले होते ते. बाथरूमला. मी बाळाला घेऊन जागीच होते. दिवा लागला म्हणून मी हाक मारली, तर म्हणाले, झोप, मीच आहे."

"शब्द स्पष्ट होते? चालत गेले?"

"हो. येताना दिवा त्यांनीच बंद केला."

डॉक्टरनं केसपेपरवर लिहिलं : २.३०, चालले, बोलले. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सहा पंचवीस. "ट्रॉली सीटीला घ्या," ती वॉर्डबॉयला म्हणाली, "आणि कॅथलॅबला फोन लावा."